याद्यांवरून सर्व जोडण्या मांडण्याची रीत

(खराडी येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी संगणकाच्या एका प्रश्नाविषयी बोलणार आहे, असे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. शाळेतील संगणक विजेअभावी झाकून ठेवलेला, पोषण आहाराची नोंदवही अपुरी, वर्गात दोन इयत्ता एकत्र. अशा वेळी हा नवा विषय कशासाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो की, या भाषणासाठी यंत्राची गरज नाही. खडू, फळा आणि कागदाच्या थोड्या चिठ्ठ्या एवढे साहित्य पुरेसे आहे. प्रश्न संगणकाचा म्हणून माझ्याकडे आला हे खरे. परंतु त्याचे उत्तर आपल्या बाराखडीत आणि बेरजेच्या हातच्यात पूर्वीपासूनच आहे, असे मला आढळून आले. तेच आज आपणांसमोर मांडावयाचे आहे.

ज्या खराडीत आपण जमलो आहोत ते मुळा-मुठेच्या काठचे, मळ्यांचे गाव होते. १९९७ साली ते पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले आणि पुढे येथील शेतांवर संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीत काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळीत भेटावयास आला होता. बोलता बोलता त्याने आपली अडचण सांगितली. "गुरुजी, ग्राहक मला याद्या देतो. एका यादीत भाषा, दुसरीत फोनचे प्रकार, तिसरीत रक्कम भरण्याचे मार्ग. प्रत्येक यादीतील एकेक वस्तू घेऊन होणाऱ्या सर्व जोडण्या मला तपासावयाच्या असतात. तीन याद्यांसाठी मी कार्यक्रम लिहिला. दुसऱ्या दिवशी ग्राहकाने चौथी यादी दिली, तेव्हा तो मोडला. चारांसाठी लिहिला, तो पाचवी आली. याद्या किती येतील हेच आधी ठाऊक नसेल, तर लिहावे तरी कसे?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही; कारण त्याचे बोलणे ऐकताना मला माझीच एक जुनी चूक आठवली. ती आधी सांगतो, म्हणजे हा प्रश्न केवळ यंत्रापुरता नाही हे आपल्या ध्यानात येईल.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६ ते १४ वर्षे वयाचे एकही मूल शाळेबाहेर राहू नये, असा त्याचा आशय. त्यानंतर एका वर्षी शहराच्या सीमेलगतच्या एका केंद्रातील शाळाबाह्य मुलांच्या पाहणीचे काम माझ्याकडे होते. माझ्यापुढे तीन याद्या होत्या. पहिली वस्तीची: गावठाण, मळा आणि बांधकामावरील झोपड्या. दुसरी मुलगा की मुलगी ही. तिसरी वयोगटाची: ६ ते १० आणि ११ ते १४. पाहणी करणाऱ्यांचे श्रम वाचावेत म्हणून मी सूचना दिली की, जेथे मुले आढळतील तेवढ्याच ओळी लिहाव्यात. बाकीच्या सोडून द्याव्यात.

माझ्याकडे ९ ओळींचा तक्ता आला. मी बेरीज केली, सही केली आणि अहवाल वर पाठविला. तीन वस्त्या, दोन प्रकार, दोन वयोगट. तीन दुणे सहा, सहा दुणे बारा. म्हणजे ओळी १२ असावयास हव्या होत्या. तीन ओळी नव्हत्या आणि त्या ठिकाणी शून्य आहे असे मी गृहीत धरले. त्यांपैकी दोन ओळींत खरोखरच एकही मूल नव्हते. तिसरी ओळ होती: बांधकामावरील झोपड्या, मुलगी, ११ ते १४. त्या ओळीविषयी कोणी विचारलेच नव्हते. झोपड्यांपुढे खेळणारी लहान मुले दिसली, त्यांची नोंद झाली. आत धाकट्या भावंडांना सांभाळीत बसलेल्या थोरल्या बहिणी कोणाच्या दृष्टीस पडल्या नाहीत. चार महिन्यांनी एका शिक्षिकाबाईंनी त्या पाहिल्या. पाच मुली होत्या. त्यांचे ते वर्ष गेले. दोष पाहणी करणाऱ्यांचा नव्हता. सूचना माझी होती.

बंधुभगिनींनो, शून्य आणि कोरी जागा यांत फार मोठे अंतर आहे. शून्य म्हणजे आम्ही पाहिले आणि कोणी नव्हते. कोरी जागा म्हणजे आम्ही पाहिलेच नाही. आणि जी ओळच कागदावर नाही, ती कोरी आहे एवढेसुद्धा कळण्याचा मार्ग राहत नाही. म्हणून उत्तरे गोळा करण्यापूर्वी सर्व जोडण्यांच्या ओळी आधी आखून घेणे, हा उपचार नसून त्या पाच मुलींसारख्यांच्या हक्काचे रक्षण आहे. हे एवढे मनात ठेवून आता आपण रीतीकडे वळू.

प्रथम आपल्या नित्याच्या बाराखडीकडे पाहा. क पासून ह पर्यंतची व्यंजने आणि ळ मिळून ३४ होतात; प्रत्येकाची स्वरचिन्हांनुसार रूपे १२. एक यादी व्यंजनांची, दुसरी स्वरांची. पहिल्या यादीतील प्रत्येकाला दुसऱ्या यादीतील प्रत्येक जोडीत गेलो की ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८ अक्षरे तयार होतात. गणितात याला दोन संचांचा कार्टेशियन गुणाकार म्हणतात. हे नाव रेने देकार्त (१५९६ ते १६५०) या फ्रेंच तत्त्ववेत्त्या गणितज्ञाच्या नावावरून पडले आहे. नाव दूरचे असले तरी वस्तू घरची आहे. आपल्या पहिलीच्या वर्गातील मूल रोज सकाळी सुरात हाच गुणाकार म्हणत असते.

आता जोडाक्षर घ्या. 'क्या' या अक्षरात व्यंजने दोन आणि स्वर एक. म्हणजे याद्या तीन झाल्या. अशा जोडण्या ३४ गुणिले ३४ गुणिले १२, म्हणजे १३,८७२ होतात. 'स्त्री' या अक्षरात व्यंजने तीन आणि स्वर एक. म्हणजे याद्या चार. अक्षर पाहिल्यावाचून याद्या किती लागतील हे सांगता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याची अडचण नेमकी हीच होती. यांतील बहुसंख्य जोडण्या आपल्या भाषेत वापरल्या जात नाहीत, हेही खरे आहे. परंतु सर्व मांडणे हे एक काम आणि त्यांतून योग्य ते निवडणे हे दुसरे काम. आधी मांडावे, मग चाळावे. चाळणीतून काय गळले हे सांगता येते; जे मांडलेच नाही ते गळले की हरवले, हे कोण सांगणार?

माझा विद्यार्थी प्रारंभी काय करीत होता, तेही पाहू. पहिल्या यादीचा एक फेरा, त्याच्या पोटात दुसऱ्या यादीचा फेरा, त्याच्या पोटात तिसरीचा. तीन याद्यांना तीन फेरे. ही रीत चुकीची नव्हे. याद्या ठरलेल्या असतील तर ती सर्वांत सोपी आहे. परंतु फेऱ्यांची संख्या लिहितानाच ठरून जाते. याद्या वाढल्या की कार्यक्रम पुन्हा लिहावयाचा. आपणही तेच करतो. एक रकाना वाढला की संबंध तक्ता नव्याने आखतो. रीत अशी हवी की, तिच्या वर्णनात 'तीन' किंवा 'चार' हा शब्दच येऊ नये.

पहिली रीत चिठ्ठ्यांची. टेबलावर एक कोरी चिठ्ठी ठेवा. हातात पहिली यादी घ्या. टेबलावरील प्रत्येक चिठ्ठीच्या, यादीत जितक्या वस्तू असतील तितक्या नकला करा आणि प्रत्येक नकलेवर एकेक वस्तू लिहा. जुनी चिठ्ठी काढून टाका. मग पुढची यादी घ्या आणि हेच करा. याद्या संपल्या की थांबा. आपल्या पाहणीचे उदाहरण घेऊ. आरंभी कोरी चिठ्ठी १. वस्त्यांची यादी लावल्यावर चिठ्ठ्या ३. मुलगा-मुलगी लावल्यावर ६. वयोगट लावल्यावर १२. आता समजा, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी कुटुंबे स्थलांतर करतात म्हणून 'दिवाळीपूर्वी' आणि 'दिवाळीनंतर' अशी चौथी यादी आली. भिण्याचे कारण नाही. तीच कृती आणखी एकदा केली की चिठ्ठ्या २४. कृती बदलली नाही, केवळ एकदा अधिक झाली.

येथे एका बारकाव्याकडे आपले लक्ष वेधतो. कारण नवशिके त्यातच फसतात. आरंभ एका कोऱ्या चिठ्ठीने करावयाचा, रिकाम्या टेबलाने नव्हे. टेबलावर एकही चिठ्ठी नसेल तर नक्कल कशाची करणार? शेवटपर्यंत हाती काहीच लागणार नाही. गुणाकाराचा आरंभ १ पासून होतो आणि बेरजेचा ० पासून, हे आपण मुलांना सांगतो. त्याचेच हे प्रत्यक्ष रूप होय. यावरून दोन गोष्टी निघतात. यादी एकही नसेल तर उत्तर 'काही नाही' असे नसून 'एक कोरी जोडणी' असे आहे. उलट, याद्यांपैकी एखादी यादी रिकामी असेल तर त्या टप्प्यावर सर्व चिठ्ठ्या नाहीशा होतात आणि उत्तर शून्य येते. पन्नास याद्या भरलेल्या असोत, एक रिकामी असेल तर गुणाकार शून्यच.

दुसरी रीत हातच्याची. पहिल्या रीतीत सर्व चिठ्ठ्या एकदम टेबलावर ठेवाव्या लागतात. याद्या मोठ्या असतील तर टेबल पुरत नाही. संगणकाच्या भाषेत सांगावयाचे तर स्मृती पुरत नाही. अशा वेळी एकच ओळ समोर ठेवून तिच्यावरून पुढची ओळ तयार करावी. स्कूटरवरील किलोमीटरचा आकडा आपण पाहिला असेल. उजवीकडचे चाक फिरत असते. ते नवावरून शून्यावर आले की डावीकडच्या चाकाला एक घर पुढे ढकलते. आपण बेरजेत हातचा देतो तो हाच. नियम असा सांगता येईल: प्रारंभी प्रत्येक यादीतील पहिली वस्तू घेऊन ओळ लिहा. मग शेवटच्या यादीत एक घर पुढे जा. ती यादी संपली असेल तर तिला पुन्हा पहिल्या वस्तूवर आणा आणि तिच्या डावीकडील यादीला हातचा द्या. तीही संपली असेल तर तिलाही पहिल्यावर आणून आणखी डावीकडे हातचा द्या. सर्वांत डावीकडील यादीही संपली आणि हातचा द्यावयास जागा उरली नाही, की काम पूर्ण झाले.

दशमान संख्येत प्रत्येक चाकावर दहा आकडे असतात. येथे प्रत्येक चाकावर त्याच्या यादीइतक्या वस्तू, एवढाच फरक. जुन्या हिशेबात शेर, पायली, मण यांचे हातचे निरनिराळ्या मापांनी द्यावे लागत. आज तास, मिनिटे व सेकंद यांच्या बेरजेत आपण तेच करतो. असा हातचा ज्या मुलाला समजला, त्याला ही रीत समजावयास वेळ लागत नाही.

आपल्या देशात ही रीत नवी नाही. छंदःशास्त्राचा कर्ता पिंगल याच्या परंपरेत 'प्रस्तार' नावाची क्रिया सांगितली आहे. लघु आणि गुरू अशा दोनच वस्तूंची यादी. ती जितकी अक्षरे तितक्या वेळा घ्यावयाची. चरणात अक्षरे तीन असोत की एकवीस, नियम एकच. पहिली ओळ सर्व गुरूंची. पुढची ओळ लिहिताना डावीकडून पहिला जो गुरू आढळेल त्याच्याखाली लघु मांडावा, त्याच्या उजवीकडचे वरच्याप्रमाणे उतरून घ्यावे आणि डावीकडे गुरू भरावेत. सर्व लघु झाले की थांबावे. हा हातचाच होय, केवळ डावीकडून सुरू होणारा. तीन अक्षरांचा प्रस्तार करून पाहा: गुरू-गुरू-गुरू हा म गण, लघु-गुरू-गुरू हा य, गुरू-लघु-गुरू हा र, लघु-लघु-गुरू हा स, पुढे त, ज, भ आणि शेवटी सर्व लघु तो न. वृत्ते शिकविताना आपण जे आठ गण पाठ करून घेतो, ते आठच का आणि नववा का नाही, याचे उत्तर या प्रस्तारात आहे. दोनाचा तीन वेळा गुणाकार आठ; एकही वगळलेला नाही, एकही दोनदा आलेला नाही.

तिसरी रीत याहूनही मौजेची आहे. समजा, प्रस्तार लिहिलेला कागद हरवला आणि कोणी विचारले, सहावी ओळ कोणती? सर्व ओळी पुन्हा लिहावयाच्या का? छंदःशास्त्रज्ञांनी यासाठी 'नष्ट' नावाची क्रिया दिली आहे. संख्या सम असेल तर लघु लिहावा आणि निम्मी करावी. विषम असेल तर गुरू लिहावा, एक मिळवून निम्मी करावी. सहा सम, म्हणून लघु, निम्मे तीन. तीन विषम, म्हणून गुरू. एक मिळवून चार, निम्मे दोन. दोन सम, म्हणून लघु. उत्तर लघु-गुरू-लघु, म्हणजे ज गण. वरच्या क्रमात मोजून पाहा, ज सहावाच आहे.

हीच युक्ती कोणत्याही याद्यांना लागू पडते. निम्मे करण्याऐवजी प्रत्येक यादीतील वस्तूंच्या संख्येने भागावे आणि बाकी पाहावी. आपल्या २४ ओळींपैकी तेविसावी ओळ काढू. मोजणी शून्यापासून धरावयाची म्हणून एक वजा करून २२ घ्या. शेवटची यादी हंगामाची, वस्तू २: बावीस भागिले दोन, भागाकार ११, बाकी ०, म्हणून पहिली वस्तू, 'दिवाळीपूर्वी'. पुढची यादी वयोगटाची, वस्तू २: अकरा भागिले दोन, भागाकार ५, बाकी १, म्हणून दुसरी वस्तू, '११ ते १४'. पुढची, मुलगा-मुलगी: पाच भागिले दोन, भागाकार २, बाकी १, म्हणून 'मुलगी'. शेवटी वस्त्या ३: दोन भागिले तीन, भागाकार ०, बाकी २, म्हणून तिसरी, 'बांधकामावरील झोपड्या'. ओळ हाती आली. ती कोणती, हे आपण ओळखले असेल. माझ्या बारा ओळींच्या तक्त्यात ती अगदी शेवटची, बारावी ठरली असती. मी बारापर्यंत मोजले नाही.

या तिसऱ्या रीतीचा आपणांस प्रत्यक्ष उपयोग आहे. फेरतपासणीसाठी शेकडो जोडण्यांतून चार-दोन निवडावयाच्या असतील, तर सोयीच्या वाटतील त्या निवडू नयेत. चिठ्ठी टाकून क्रमांक काढावा आणि त्या क्रमांकाची ओळ भागाकाराने शोधावी. जवळच्या वस्तीला पुन्हा पुन्हा भेट आणि दूरच्या वस्तीला कधीच नाही, हा दोष त्याने टळतो.

आपल्या महाराष्ट्रातील आणखी दोन नावे येथे घेतली पाहिजेत. भास्कराचार्यांनी लीलावती हा ग्रंथ ११५० च्या सुमारास रचला. त्यांच्या घराण्याचा शिलालेख आजही चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. लीलावतीत सहा रसांपासून किती प्रकारची व्यंजने होतील, असा प्रश्न आहे. एकेक रसाची ६, दोन-दोनांची १५, तीन-तीनांची २०, मग १५, ६ आणि सहाही रसांचे १, मिळून ६३. आपल्या रीतीने पाहा: प्रत्येक रसासाठी 'आहे' आणि 'नाही' अशी दोन वस्तूंची यादी. सहा याद्यांचा गुणाकार ६४. त्यांतील एक जोडणी अशी की एकही रस नाही. ती वगळली की ६३. दोन्ही वाटांनी तेच उत्तर येते. यासारखा उत्तम पडताळा नाही. दुसरे नाव शार्ङ्गदेवांचे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने तेराव्या शतकात त्यांनी संगीतरत्नाकर लिहिला आणि त्यात स्वरांचा प्रस्तार सांगितला. तेथे एकदा घेतलेला स्वर पुन्हा घेता येत नाही, त्यामुळे प्रत्येक पायरीला यादी एकाने लहान होते. सात स्वरांचे क्रम ५,०४० होतात. डोनाल्ड क्नुथ या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथखंडात अशा जोडण्या निर्माण करण्याच्या रीतींचा इतिहास सांगताना भारतातील या परंपरेची दखल घेतली आहे.

आज संगणकाच्या भाषांत ही सोय तयार मिळते. पायथॉन भाषेत 'प्रॉडक्ट' नावाची आज्ञा आहे. तिला कितीही याद्या द्याव्यात, ती एकामागून एक ओळ देत जाते. तेव्हा कोणी म्हणेल, आयते मिळते तर शिकावे कशाला? पाढे छापलेले मिळतात म्हणून आपण पाढे शिकविणे सोडले नाही. आज्ञा कोणत्या क्रमाने ओळी देते, रिकामी यादी आली तर काय होते, किती ओळी येतील, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला यंत्राने दिलेले उत्तर अपुरे आहे की पुरे, हे कळणार नाही.

किती ओळी येतील, या प्रश्नात एक धोकाही आहे. दहा याद्या, प्रत्येकीत केवळ चार वस्तू; ऐकावयास किरकोळ वाटते. परंतु चाराचा दहा वेळा गुणाकार १०,४८,५७६ होतो. मिनिटाला एक ओळ या वेगाने रात्रंदिवस लिहीत बसले तरी सुमारे ७२८ दिवस लागतील. म्हणून याद्या वाढविण्यापूर्वी गुणाकार करून पाहावा. कोणतेही विवरणपत्र तयार करताना एक रकाना वाढविणे आम्हा अधिकाऱ्यांना सोपे असते. परंतु रकाना बेरजेने वाढतो आणि शिक्षकाचे काम गुणाकाराने वाढते, ही गोष्ट मी माझ्यासह सर्व अधिकाऱ्यांना नम्रपणे सांगू इच्छितो.

ओळी फारच झाल्या तर संगणकाची तपासणी करणारे लोक एक मध्यम मार्ग काढतात. सर्व जोडण्या न तपासता, कोणत्याही दोन याद्यांतील प्रत्येक जोडी निदान एकदा तरी यावी, एवढे पाहतात. दोन-दोन वस्तूंच्या तीन याद्या असतील तर जोडण्या ८. परंतु अशा प्रकारे नीट निवडलेल्या ४ ओळींत सर्व जोड्या येऊन जातात. यंत्राच्या बाबतीत हा मार्ग उपयोगी आहे. मुलांच्या बाबतीत मात्र तो पत्करू नये. कारण तेथे वगळलेली ओळ म्हणजे कोणाचे तरी मूल असते.

आता वर्गाकडे वळू. पहिली-दुसरीच्या मुलांना तीन रंगांचे सदरे आणि दोन रंगांच्या टोप्या कागदात कापून द्याव्यात आणि बाहुलीला किती तऱ्हांनी सजविता येईल हे करून पाहावयास सांगावे. तिसरी-चौथीत १, २, ३ हे अंक देऊन दोन अंकी सर्व संख्या लिहावयास सांगाव्यात. अंक पुन्हा घेण्यास मुभा असेल तर ९ आणि नसेल तर ६ येतात, हा भेद मुलांच्याच तोंडून वदवून घ्यावा. पाचवीपासून चिठ्ठ्यांची रीत, हातच्याची रीत आणि शेवटी भागाकाराने ओळ शोधण्याचा खेळ घ्यावा. ज्या शाळेत संगणक चालू आहे, तेथे हेच काम त्यावर करून दाखवावे. नाही तेथे काही अडत नाही.

पडताळ्याची सवय मात्र प्रत्येक वेळी लावावी. प्रश्न तीन आहेत. एक, ओळींची संख्या गुणाकाराइतकी आहे काय? दोन, कोणती ओळ दोनदा आली आहे काय? तीन, प्रत्येक यादीतील प्रत्येक वस्तू सारख्या वेळा आली आहे काय? बारा ओळींत प्रत्येक वस्ती ४ वेळा, 'मुलगी' ६ वेळा, प्रत्येक वयोगट ६ वेळा आलाच पाहिजे. या तिसऱ्या प्रश्नाने, कोणती ओळ राहिली हेसुद्धा सापडते. माझ्या नऊ ओळींवर हे प्रश्न मी विचारले असते, तर त्या मुली चार महिने आधीच सापडल्या असत्या.

एखाद्या मुलाने बारापैकी अकराच जोडण्या लिहिल्या तर 'चूक' म्हणून रेघ ओढू नये. "बाळ, तू कोणती यादी आधी फिरवलीस?" असे विचारावे. बहुधा असे आढळते की, त्याने सुचेल तसे लिहिले आहे. क्रम ठरविला की विसर पडत नाही. स्मरणशक्तीचे ओझे क्रम वाहतो. बाराखडी सुरात म्हणणाऱ्या मुलाकडून 'को' राहून जात नाही. कारण 'कै' च्या पाठोपाठ ते आपोआप येते.

माझ्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी एक कोरी चिठ्ठी दिली आणि म्हणालो, "येथून आरंभ कर." त्याने क्षणभर पाहिले आणि तो हसला. "गुरुजी, याद्या किती हे विचारायचेच नाही, हेच ना?" मी म्हणालो, "होय. याद्या येतील तितक्या येवोत. प्रत्येकीला एकदा न्याय द्यावयाचा आणि एकही ओळ टाकावयाची नाही."

आपणांसही माझे हेच सांगणे आहे. या वर्षीच्या पाहणीचे कोरे तक्ते केंद्रप्रमुखांकडे पोहोचले आहेत. त्यांत सर्व ओळी आधीच आखलेल्या आहेत. जेथे मूल नसेल तेथे शून्य लिहावे. परंतु ते तेथे जाऊन, पाहून, विचारून लिहावे. शेवटच्या ओळीपर्यंत जाण्याचे कष्ट आपण घ्यावेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.